तीनशे डॉलरची कार्बाइन

कार्बाइन हा शब्द आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, बंदोबस्तातून शिकलो. गणपतीचे विसर्जन असो, मोहरमची सवारी असो की शाळेत भरलेले मतदान केंद्र असो, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेल्या पोलिसाच्या खांद्याला ती आखूड काळी वस्तू लटकलेली असे. लहानपणी आम्ही तिला स्टेनगन म्हणायचो. मोठी माणसेही तेच म्हणायची. ती नेहमी सरकारची असायची. अशी वस्तू एखाद्या घरात, रजयांच्या आणि हिवाळी कोटांच्या मागे उभी करून ठेवलेली असेल आणि ते घर आपल्या सख्ख्या बहिणीचे असेल, हे कधी मनातही आले नव्हते.

आमची आपा वीस-बावीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या बाहेर तिचे घर. दुल्हेभाई पेट्रोल पंपाला लागून असलेले एक दुकान चालवतात. दूध, पाव, सिगारेट, लॉटरीची तिकिटे असा तो व्यवहार. रात्रपाळी बहुतेक त्यांचीच. दोघेही आता तिथले नागरिक आहेत. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. अम्मीने सोलापूरची शेंगाचटणी दोन किलो बांधून दिली होती आणि विमानतळावर ती कुणी उघडून पाहील का, एवढीच चिंता आम्ही सोबत नेली होती.

चौथ्या दिवशी आमच्यासाठी जाड रजई काढायला आपाने कपाट उघडले. कोटांच्या मागे एक लांबट काळी पेटी होती. आम्ही काही विचारण्याआधीच, रजई झटकता झटकता ती म्हणाली, "वो तेरे दुल्हेभाई की गन है. अम्मी को मत बोल."

संध्याकाळी दुल्हेभाईंनी स्वतःच ती बाहेर काढून दाखवली. हाय-पॉइंट कंपनीची ९९५. नळी साडेसोळा इंच, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, दस्ता प्लास्टिकचा, मॅगझीन मुठीतच बसते आणि त्यात दहा काडतुसे. काडतूस नऊ एमएमचे, म्हणजे पिस्तुलाचे. दिसायला ती सुंदर नाही. शिवणयंत्राच्या दुकानात मागे पडलेल्या एखाद्या जुन्या मॉडेलसारखी दिसते. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास, आपले पंचवीस हजार रुपये. दुल्हेभाईंच्या दुकानातल्या कॉफीच्या यंत्राला याच्या कितीतरी पट पैसे पडले होते, हे त्यांनीच हसत सांगितले. ही कार्बाइन बनते तीही ओहायोतच, मॅन्सफील्ड नावाच्या गावात, गाडीने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. त्या गावचा जुना तुरुंग पाहायला लोक जातात, कारण 'शॉशँक रिडेम्प्शन' या सिनेमाचे चित्रण तिथे झाले. आम्हीही गेलो. तुरुंग पाहिला, बंदुकीचा कारखाना मात्र पाहिला नाही.

स्वस्त का, हा मास्तरी प्रश्न आम्ही विचारला आणि दुल्हेभाईंनी टेबलावर पेन्सिलीने चित्र काढून समजावले. मोठ्या रायफलीचे काडतूस इतके जोरकस असते की गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागचा बोल्ट पक्का कुलूपबंद राहावा लागतो. ते कुलूप नेमके घडवायला चांगले पोलाद आणि कसबी हात लागतात. पिस्तुलाच्या काडतुसात तेवढा दाब नसतो. तिथे कुलपाची गरजच नाही. बोल्ट पुरेसा जड ठेवायचा आणि त्याच्यामागे दमदार स्प्रिंग बसवायची. गोळी पुढे जाते, तोच धक्का जड बोल्टला सावकाश मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते आणि येताना तो नवे काडतूस नळीत घेऊन येतो. झाले काम. १९४१ साली इंग्रजांनी युद्धाच्या घाईत स्टेनगन काढली तीही याच तत्त्वावर, आणि आमच्या लहानपणच्या पोलिसांच्या खांद्यावरची, कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी कार्बाइन ही इंग्रजांच्याच स्टर्लिंगच्या घडणीची, तत्त्व तेच. फरक एवढाच की त्या सरकारी बंदुका चाप दाबून धरला तर गोळ्यांची माळ सोडू शकतात. दुल्हेभाईंची एका चापाला एकच गोळी सोडते. बोल्टसाठी कंपनी जस्ताचा ओतीव मिश्रधातू वापरते, त्यामुळे बंदूक ओबडधोबड होते आणि स्वस्तही. शिवाय जन्मभराची हमी. बंदूक दहा हातांतून फिरून आलेली असली तरी कंपनी ती फुकट दुरुस्त करून देते.

"मास्टरसाब, ताला खरीदते ना तुम लोगां? वैसाच है ये," दुल्हेभाई म्हणाले.

आपल्याकडे नऊ एमएम हा निषिद्ध बोअर आहे. सामान्य माणसाने कलेक्टर कचेरीत कितीही चपला झिजवल्या तरी त्याचा परवाना मिळत नाही. तिथे दुल्हेभाईंनी दुकानात ओळखपत्र दाखवले, एक अर्ज भरला. तुम्ही फरार आहात का, तुमच्यावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला आहे का, अमली पदार्थ घेता का, असे त्यातले प्रश्न. दुकानदाराने तो अर्ज वर पडताळणीला पाठवला. बहुतेकांना काही मिनिटांत होकार येतो. दुल्हेभाईंच्या नावात मोहम्मद आहे. उत्तर आले, थांबा. अशा वेळी तीन कामाचे दिवस उलटूनही नकार आला नाही तर दुकानदाराला बंदूक देता येते. तिसऱ्या दिवशी होकार आला. ही गोष्ट दुल्हेभाई विनोद म्हणून सांगतात. आपा त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

बंदूक घेण्याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी दोन कारणे सांगितली. पहिले दुकानाचे. शेजारच्या चौकातल्या पंपावर रात्री दोन वाजता गल्ल्यावरच्या मुलाला पिस्तूल दाखवून लुटले होते. दुसरे कारण सांगताना त्यांचा आवाज उतरला. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजाच्या वेळी एका माणसाने ५१ जणांना मारले. त्या आठवड्यापासून आपाकडच्या मशिदीतही दाराशी कोण उभे राहायचे याची चर्चा सुरू झाली. दुल्हेभाई म्हणाले, सज्द्यात गेल्यावर पाठ दाराकडे असते, हे तोपर्यंत कधी लक्षातच आले नव्हते.

आम्ही त्यांना म्हटले, त्याच न्यूझीलंडने महिन्याच्या आत कायदा करून तसल्या अर्धस्वयंचलित बंदुका बंद केल्या आणि लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. त्यावर त्यांचे उत्तर असे की तो देश त्यांचा नाही. ते ज्या देशात राहतात तिथे समोरच्याकडे बंदूक आहे हे धरूनच चालावे लागते. या उत्तराला आमच्याकडे प्रत्युत्तर नव्हते, आजही नाही. पण ते उत्तर आम्हाला पटले, असे मात्र कुणी समजू नये.

आता या कार्बाइनमधली कायद्याची गंमत सांगतो, कारण सगळा घोळ पुढे तिच्यातूनच उभा राहिला. ओहायोत परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागते, रायफल घ्यायला १८. पिस्तूल खिशात लपते, म्हणून त्याला कडक वय. १९३४ पासून चालत आलेला आणि पुढे दुरुस्त झालेला एक कायदा म्हणतो की नळी निदान सोळा इंच असेल, एकूण लांबी निदान सव्वीस इंच असेल, तर खांद्याला लावायच्या बंदुकीची वेगळी सरकारी नोंद नको. हाय-पॉइंटची नळी साडेसोळा इंच. म्हणजे काडतूस पिस्तुलाचे, पण कागदावर ती रायफल. उलट लांब नळीमुळे तीच गोळी अधिक वेगाने सुटते. पिस्तुलातून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास, हिच्यातून चारशेच्या घरात. खांद्याला टेकलेली असल्यामुळे नेमही पक्का बसतो. तरीही वयाची अट तीन वर्षांनी खाली. २०२२ पासून एकवीसच्या आतल्या गिऱ्हाइकाची चौकशी जरा जास्त होते, इतकेच.

आणि आमचा थोरला भाचा नोव्हेंबरात अठरा वर्षांचा होणार होता. दुल्हेभाईंनी त्याला शब्द देऊन ठेवला होता की अठरावा वाढदिवस झाला की याच कंपनीची एक त्याच्या नावावर. आपाला ते मान्य नव्हते. घरात या विषयावर दोन महिने अबोला होता हे आम्हाला हळूहळू कळले. तिकीट पाठवण्यामागे केवळ भावाची माया नव्हती तर! एका रात्री भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "तू मास्टर है ना? बारा साल से बच्चों को समझाता ना? तूच बोल इसको."

मास्तरने अभ्यास करून बोलावे म्हणून आम्ही त्या रात्री या बंदुकीविषयी वाचत बसलो, आणि एका तारखेपाशी थांबलो. २० एप्रिल १९९९. कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेवर हल्ला केला. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मेले. त्या दिवशी जखमी झालेली एक मुलगी २०२५ मध्ये वारली, तेव्हा तिचा मृत्यूही त्याच हत्याकांडाच्या खात्यावर मांडला गेला. त्या दोघांपैकी एकाच्या हातात हाय-पॉइंट ९९५ होती. कपाटातली तीच. तिच्यातून ९६ गोळ्या सुटल्या. ती त्यांनी दुकानातून घेतली नव्हती, वय बसत नव्हते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या एका मैत्रिणीने बंदुकांच्या प्रदर्शनात खाजगी विक्रेत्याकडून घेऊन दिली होती. त्या वेळी अमेरिकेत दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिने बनवायला आणि विकायला बंदी होती. ९९५ त्या बंदीत चोख बसत होती. त्या मुलाने दहा-दहाची अनेक मॅगझिने बरोबर आणली होती.

मेलेल्या शिक्षकाचे नाव डेव्ह सँडर्स. संगणक आणि वाणिज्य शिकवत, मुलींच्या संघांना खेळ शिकवत. जेवणाच्या हॉलमधल्या मुलांना त्यांनी ओरडून बाहेर काढले, मग वरच्या मजल्यावरच्या मुलांना सावध करायला धावले आणि तिथे त्यांना गोळ्या लागल्या. विज्ञानाच्या एका वर्गात मुलांनी आपले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले, खिडकीत फलक लावला की एक माणूस रक्तस्रावाने मरतो आहे. मदत पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला. तोवर उशीर झाला होता.

आमची बी.एड. एका वर्षाची. पाठ टाचण, फळ्याचे नियोजन, बालमानसशास्त्र, सगळे शिकवले. वर्गाला दोन दारे असावीत की एक, हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. ओहायोत २०२२ च्या जूनमध्ये एक कायदा झाला. शाळेच्या मंडळाची परवानगी असेल तर शिक्षकाला शाळेत शस्त्र बाळगता येते आणि त्यासाठी राज्याची सक्ती जास्तीत जास्त २४ तासांच्या प्रशिक्षणाची. त्याआधी न्यायालयाने पोलिसाइतके, म्हणजे सातशे तासांच्या वरचे प्रशिक्षण लागेल असे म्हटले होते. आमच्याकडे निवडणुकीच्या कामाचे प्रशिक्षणसुद्धा दोन-तीन फेऱ्यांत होते, आणि तिथे हातात फक्त यंत्र असते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आम्ही फिरायला निघालो. कोलंबाईनची गोष्ट सांगण्यासाठी आम्ही मनात उर्दू-मराठी-इंग्रजीची जुळवाजुळव करत होतो. त्याने अर्ध्यावरच थांबवले. "मामू, मला माहीत आहे. आम्हाला हे केजीपासून शिकवतात." मग त्याने जे सांगितले ते ऐकताना रस्त्यावर आमचा पाय थबकला. वर्षातून अनेकदा कवायत होते. दिवे बंद, दाराला आतून कडी, सगळी मुले खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, फोन गप्प. केजीत असताना बाईंनी सांगितले होते की हा लपाछपीचा खेळ आहे, हसायचे नाही. आता मोठ्या वर्गात त्याच्याकडे आणि आणखी एका मुलाकडे काम आहे: बाईंचे टेबल दाराला लावायचे. त्याला टेबल किती जड आहे ते माहीत आहे. आमच्या वर्गातल्या टेबलाचे वजन आम्हाला माहीत नाही.

"मग गन कशाला हवी तुला?" आम्ही विचारले.

तो जरा वेळ गप्प राहिला. "बाई म्हणतात, आवाज ऐकला की टेबल सरकवा. पण तो आवाज कसा असतो ते कुणी ऐकवत नाही. मला ओळखता यायला हवा."

यावर मास्तरने काय बोलावे? आम्ही काहीच बोललो नाही. आपाला रात्री त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ सिंकपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "इतवार को मैं भी आती."

रविवारी चौघेही रेंजवर गेलो. गावाबाहेर मोकळे रान, तीन बाजूंना मातीचे उंच बांध, पत्र्याच्या छपराखाली लाकडी टेबलांची रांग. नाव नोंदवताना कागदावर एक प्रश्न होता की आपण पाहुण्याच्या व्हिसावर आहात का. होय. मग आम्हाला बंदुकीला किंवा काडतुसाला हात लावता येणार नव्हता. तिथला केंद्रीय कायदा तसा आहे. शिकारीचा परवाना वगैरे असला तर सूट. आमच्याकडे शेंगाचटणी होती. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पालथे पडून पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या, तेवढ्यावरच आमची मर्दुमकी संपलेली, त्यामुळे फारसे दुःख झाले नाही. कानांवर जाड मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहायचे.

आधी दुल्हेभाई. पंचवीस यार्डांवर कागदी वर्तुळ. मफ असूनही पहिला आवाज छातीत लागला. सिनेमातल्यासारखा तो घुमत नाही. कोरडा, आखूड, फळी मोडल्यासारखा असतो. पुंगळ्या उजवीकडे उडून टेबलावर पडत होत्या. दहा गोळ्यांत आठ वर्तुळात. पन्नास काडतुसांचा खोका तेरा-चौदा डॉलरचा, म्हणजे चापाच्या प्रत्येक ओढीला आपले बावीस-तेवीस रुपये. दर थोड्या वेळाने देखरेख करणारा म्हातारा ओरडून रेंज थंड करी. मग सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून टेबलावर ठेवायच्या, बोल्ट मागे, हात लांब, आणि कुणी कागद बदलायला पुढे जाईपर्यंत टेबलाकडे फिरकायचेसुद्धा नाही. ही शिस्त आम्हाला आवडली. इतकी शिस्त आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत असती तर!

भाच्याने पाचच गोळ्या झाडल्या. पाचव्यानंतर बंदूक खाली ठेवून मफ कानांवरून थोडे उचलले आणि शेजारच्या टेबलावरून सुटणारा आवाज तसाच, उघड्या कानांनी, एकदा ऐकला. म्हातारा ओरडला, त्याने पटकन मफ लावले. तो ज्यासाठी आला होता ते त्याला मिळाले असावे. पुन्हा तो टेबलाकडे गेला नाही.

मग आपा उठली. ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळून मागे खोचली. म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला, बोट चापाबाहेर ठेवायला सांगितले, दस्ता खांद्याच्या खळगीत बसवून दिला. आमची ही बहीण पाल दिसली तर पलंगावर चढणारी. तिने सावकाश, मध्ये श्वास घेत, दहाच्या दहा गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणला तेव्हा नऊ भोके वर्तुळात होती आणि ती सगळी तळहातात मावतील एवढ्या जागेत. म्हातारा म्हणाला, मॅडम यापूर्वी कधी चालवली होती? आपा म्हणाली, नाही. दुल्हेभाईंनी आपला कागद घडी करून खिशात घातला.

तिने बोल्ट मागे ओढून बंदूक रिकामी आहे हे स्वतः वाकून पाहिले, पेटीत ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली आपल्या चेनमध्ये ओवली. काडतुसांचा डबा वेगळा उचलून तो भाच्याच्या नव्हे, दुल्हेभाईंच्या हातात दिला. "ये दुकान में रखना. गन घर में. चाबी मेरे पास. और घर में एकच रहेगी, दूसरी नहीं आती."

"और दुकान में रात को कोई आया तो?" दुल्हेभाईंनी विचारले.

"तो गल्ला दे दो उसको. कित्ता रहता गल्ले में?"

दुल्हेभाईंनी आकडा सांगितला नाही. भाचा टेबलाखालच्या पुंगळ्या गोळा करत होता. परत येताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही. आपाचा उजवा गाल दस्त्यावर टेकून लाल झाला होता आणि ती बोटांनी तो दाबत होती.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आम्ही परतलो. अम्मीला अजून काही सांगितलेले नाही. नोव्हेंबरात भाचा अठरा वर्षांचा झाला, त्या दिवशी आपाचा फोन आला. आम्ही आपणहून विचारले नाही. तिनेच सांगितले की वाढदिवसाला त्याला जुनी एक गाडी घेऊन दिली, किल्ली अजून तिच्याच चेनमध्ये आहे, आणि दुल्हेभाई रात्रपाळीला दुसरा माणूस पाहत आहेत.